डाव्या हाताला कळले तर?

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने केलेल्या दोन उपदेशांचा मेळ घालताना भल्याभल्या भाष्यकारांची तारांबळ उडते. आपल्या सत्कर्मांचा उजेड लोकांच्या दृष्टीस पडावा, अशी अपेक्षा तो शिष्यांकडून करतो. आणि पुढच्याच अध्यायात दानधर्म इतका गुपचूप करावयास सांगतो, की एका हाताची करणी दुसऱ्या हातास कळू नये. मग सत्कर्माचा जाहीर गौरव करावा की करू नये? आणि तो करण्याचे काम एखाद्या कॅथॉलिक विद्यापीठाने आपल्या अंगणात मांडव घालून, दिवे लावून, पाहुण्यांना बोलावून करावे काय?

हा प्रश्न आम्हांस केवळ तात्त्विक वाटत नाही. अमेरिकेत २००४ सालापासून 'ओपस पारितोषिक' नावाचा एक पुरस्कार दिला जाऊ लागला. मिनेसोटा राज्यातील एका बांधकाम-व्यावसायिक कॅथॉलिक कुटुंबाच्या दानातून तो उभा राहिला. श्रद्धेच्या प्रेरणेने मानवसेवा करणाऱ्या व्यक्तीस दहा लाख डॉलर द्यावयाचे, आणि समारंभाचे यजमानपद दर वेळी एखाद्या कॅथॉलिक विद्यापीठाकडे सोपवावयाचे, अशी त्याची रीत. २००८ साली सिअ‍ॅटल, २०१० साली न्यूयॉर्कचे फोर्डम, २०११ साली लॉस एंजलिसचे लोयोला मेरिमाउंट, अशी ही दिंडी गावोगाव फिरत राहिली. आपल्या मुंबईचाही तिच्याशी संबंध आहे. झोपडपट्टीतील आणि रस्त्यावरील मुलांना अक्षरओळख करून देणारे येशूसंघीय धर्मगुरू फादर ट्रेव्हर मिरांडा यांना २००५ साली हाच मान मिळाला होता.

पुरस्कारांचे आजकाल पीक आले आहे. अर्ज मागवणारे, शिफारशी गोळा करणारे, आणि प्रसंगी सत्कारमूर्तीकडूनच हॉलचे भाडे वसूल करणारे पुरस्कार आम्ही पाहिले आहेत. या पुरस्काराची पद्धत मात्र वेगळी ठेवलेली आहे. त्यासाठी कोणालाही अर्ज करता येत नाही. ठिकठिकाणची माणसे आपली ओळख न देता नावे सुचवितात. अंतिम फेरीत आलेल्यांकडे यजमान विद्यापीठाची माणसे, आणि त्यांत विद्यार्थीही, प्रत्यक्ष जाऊन काम पाहून येतात. डाव्या हातास कळू न देता काम करणाऱ्या माणसाचा उजवा हात तिसऱ्याच कोणी येऊन धरावा, असा हा प्रकार आहे. प्रभूच्या दोन उपदेशांत आम्हांस जो विरोध दिसतो, तो येथे थोडा सैल होतो. प्रभूने निषेध केला तो रस्त्याच्या कोपऱ्यावर स्वतःच तुतारी वाजविणाऱ्याचा. शेजाऱ्याने दुसऱ्यासाठी वाजविलेल्या तुतारीविषयी तो तेथे काही बोलत नाही.

परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. तुतारी कोणासाठी वाजवावी? हे ठरविताना विद्यापीठ आपलीच परीक्षा देत असते. या दृष्टीने २००९ सालचा प्रसंग आम्हांस फार बोलका वाटतो.

त्या वर्षी यजमान होते मिनेसोटातील सेंट थॉमस विद्यापीठ. आर्चबिशप जॉन आयर्लंड यांनी १८८५ साली स्थापन केलेल्या संस्थेतून ते वाढले. अंतिम फेरीत तिघे होते. ब्राझीलमध्ये व्यसनाधीनांसाठी आश्रमवजा शेतवाड्या उभारणारे फादर हान्स श्टापेल. कोलंबियात अपंग मुलांना घर देणाऱ्या सिस्टर व्हालेरियाना गार्सिया-मार्तिन. आणि मोरोक्कोच्या कॅसाब्लांका शहरातील आयशा एश-शन्ना. एक धर्मगुरू, एक धर्मभगिनी आणि एक मुसलमान समाजसेविका. नोव्हेंबर २००९ मध्ये दहा लाख डॉलरचे पारितोषिक, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेचार कोटी रुपयांहून अधिक रक्कम, आयशाबाईंच्या हाती देण्यात आली. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या मुसलमान. त्यांचे काम होते अविवाहित मातांमध्ये.

हे काम त्यांनी का पत्करले, ते त्या स्वतः सांगत असत. १९८१ सालची गोष्ट. त्या सरकारी आरोग्यखात्यात समाजसेविका होत्या आणि नुकत्याच बाळंतपणाची रजा संपवून कामावर आल्या होत्या. कचेरीत एक तरुण मुलगी बाळाला अंगावर पाजत बसली होती. लग्नाशिवाय झालेले ते मूल सोडून देत असल्याच्या कागदावर तिला सही करावयाची होती. सही झाली आणि बाळाला तिच्या स्तनापासून ओढून घेण्यात आले. दूध बाळाच्या तोंडावर उडाले, बाळ टाहो फोडून रडू लागले. आयशाबाईंचे स्वतःचे मूल त्या वेळी पिते होते. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पुढे १९८५ साली त्यांनी 'सॉलिदारिते फेमिनीन', म्हणजे स्त्रियांची एकजूट, ही संस्था काढली.

संस्थेचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. तेथे केवळ भिक्षा वाटली जात नाही. उपाहारगृह, खाद्यपदार्थांची विक्री आणि पुढे एक हमामखाना, अशा व्यवसायांत या मातांना शिकविले जाते. त्या काम करतात, पगार घेतात, आणि तेवढा वेळ त्यांची मुले संस्थेच्या पाळणाघरात असतात. अक्षरओळख, कायद्याचा सल्ला आणि मुलाच्या बापाने आपले नाव द्यावे म्हणून केलेला पाठपुरावा हेही त्यात येते. मोरोक्कोच्या दंडसंहितेच्या ४९० व्या कलमाप्रमाणे विवाहबाह्य शरीरसंबंध हा तुरुंगवासास पात्र गुन्हा होता. म्हणजे पोटात वाढणारे मूल हाच आईविरुद्धचा पुरावा! पुरुषाविरुद्ध असा पुरावा निसर्गाने ठेवलेला नाही, आणि समाजानेही तो शोधण्याची फारशी तसदी कधी घेतलेली नाही. २००० साली एका अरबी दूरचित्रवाणीवर आयशाबाई या मातांविषयी उघडपणे बोलल्या, तेव्हा काही धर्मोपदेशकांनी त्यांच्यावर आग पाखडली. व्यभिचाराला उत्तेजन देणारी बाई असा शिक्का त्यांच्यावर बसला. काम सोडून द्यावे असे त्यांच्या मनात आले. त्याच वर्षी राजे सहावे मोहम्मद यांनी त्यांना पदक देऊन पाठिंबा दर्शविला आणि काम तगले.

आता आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात दोन आक्षेप आले असतील. ते मनातल्या मनात ठेवण्यापेक्षा कागदावर मांडलेले बरे.

पहिला आक्षेप असा: एक धर्मगुरू आणि एक धर्मभगिनी समोर असताना कॅथॉलिक विद्यापीठाने परधर्मीय स्त्रीचा गौरव का करावा? श्रद्धाधिष्ठित सेवा म्हणावयाची तर श्रद्धा कोणाची? या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी आम्हांस लांब जावे लागत नाही. जखमी वाटसरूची कथा सांगताना प्रभूने याजक आणि लेवी या दोघांना रस्त्याच्या पलीकडून जाऊ दिले आणि दया करण्याचे श्रेय शोमरोन्याला दिले. त्या काळच्या यहुदी श्रोत्यांना शोमरोनी म्हणजे काय वाटत असेल, याची कल्पना आज आपल्याला येत नाही. 'चांगला शोमरोनी' हे शब्द कानांना इतके सरावाचे झाले आहेत, की त्यातील काटा बोथट झाला आहे. (मिनेसोटातील धर्मगुरू आणि धर्मभगिनी मात्र रस्त्याच्या पलीकडून गेलेले नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्यांना प्रत्येकी एक लाख डॉलर मिळाले आणि त्यांचे काम कोणत्याही मापाने लहान नव्हते.) दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अन्य धर्मांतील सत्य आणि पावित्र्याचा आदर करण्यास शिकविले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या 'देउस कारितास एस्त' या परिपत्रकात प्रेमसेवा ही अन्य हेतू साधण्याची युक्ती नव्हे, हे निःसंदिग्धपणे सांगितले. हे सारे कागदावर होतेच. सेंट थॉमस विद्यापीठाने त्यावर धनादेश फाडला. पुढे २०१३ साली जॉर्जटाउन विद्यापीठात अफगाणिस्तानच्या सकीना याकूबी यांना हाच मान मिळाला, तेव्हा ही वाट मळलेली होती.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो आक्षेप घेणारे लोक दुष्ट नसतात. ते म्हणतात, अविवाहित मातेला असा आसरा दिला, काम दिले, वर त्या कामाला सोन्याचे ताट वाढले, तर विवाहसंस्काराचे पावित्र्य कोठे राहिले? आपल्या मुलींनी त्यातून काय घ्यावे? आईबापांच्या या काळजीची आम्ही थट्टा करणार नाही. पण त्या काळजीचा हिशेब पुरा करून पाहावा. आसरा न दिल्याने पाप कमी होते, असे आजवर कोठे दिसले आहे? कमी होतात ती मुले; कोणी जन्मापूर्वी, कोणी जन्मानंतर कचराकुंडीत. गर्भपात हे महापाप आहे असे आपली ख्रिस्तसभा शिकविते, आणि आम्ही ते मानतो. मग मूल जन्मालाच आले पाहिजे असा आग्रह धरणाऱ्याने त्या रात्री ते मूल आणि त्याची आई कोठे निजणार, हेही सांगावयास नको काय?

शिवाय आपण ज्या घराण्याचे उपासक आहोत, त्या घराण्याची गोष्ट आठवावी. नाझरेथमध्ये मरियेच्या पोटी बाळ आहे हे लक्षात आले, तेव्हा तिच्या आणि योसेफच्या सहवासाला अजून सुरुवात झाली नव्हती. देवदूताचा संदेश गावकऱ्यांनी ऐकलेला नव्हता. त्यांच्या नजरेला जे दिसत होते तेच कॅसाब्लांकाच्या शेजाऱ्यांना दिसते. योसेफने गुपचूप बाजूला होण्याचे मनात आणले होते, आणि त्या काळच्या नियमशास्त्राप्रमाणे तोही त्याचा भलेपणाच मानला पाहिजे, कारण गवगवा झाला असता तर प्रकरण दगडांपर्यंत गेले असते. ही आठवण केवळ आपल्याकडेच जपली गेली आहे असेही नाही. कुराणाचा एकोणिसावा अध्याय मरियेच्याच नावाने ओळखला जातो. त्यात ती प्रसूतिवेदनांनी व्याकूळ होऊन खजुरीच्या बुंध्याशी एकटी बसली आहे, मरण आले असते तर बरे असे तिला वाटते आहे. आणि बाळाला घेऊन ती आपल्या माणसांत परतते तेव्हा ती माणसे तिच्या चारित्र्यावर बोट ठेवतात. आयशाबाई आणि त्यांचे मिनेसोटातील यजमान यांना जोडणारा दुवा शोधावयाचा झाला, तर आम्ही परिषदांच्या ठरावांपेक्षा या एकट्या बाळंतिणीकडे आधी वळू.

आता विद्यापीठाच्या भूमिकेकडे येऊ. शोमरोन्याच्या कथेत एक पात्र नेहमी दुर्लक्षित राहते: उतारशाळेचा मालक. शोमरोनी एक रात्र थांबला, सकाळी दोन दीनार देऊन निघून गेला, आणि परतताना बाकीचा खर्च भागवीन म्हणाला. पुढची मलमपट्टी, तापातली बडबड, रात्रीचे जागरण हे सारे त्या मालकाने पाहिले असेल. पुरस्काराचे यजमानपद घेणारे विद्यापीठ हे शोमरोनी नव्हे, उतारशाळा होय. समारंभ संपून पाहुणी विमानाने परत गेली, की उतारशाळेचे काम सुरू होते. आपल्याच वसतिगृहात एखादी अविवाहित विद्यार्थिनी गरोदर राहिली, तर तिला शिक्षण पुरे करता येते काय? तिच्या बाळासाठी पाळणाघर आहे काय? की कॅसाब्लांकाच्या मातेसाठी टाळ्या आणि आपल्या विद्यार्थिनीसाठी शाळा सोडल्याचा दाखला? असे प्रश्न जर त्या विद्यार्थ्यांच्या मनात उठले नसतील, तर पुरस्काराचा निम्मा खर्च वाया गेला असे आम्ही म्हणू.

कधी कधी पुरस्कार घेणारी व्यक्तीच विद्यापीठाची परीक्षा घेते. नोत्र दाम विद्यापीठ १८८३ सालापासून लेतारे पदक देत आले आहे. अमेरिकेतील कॅथॉलिकांमध्ये त्याची प्रतिष्ठा मोठी. १९७२ साली ते डोरोथी डे यांना मिळाले. न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्तीत भुकेल्यांना सूप आणि बेघरांना बिछाना देत त्यांनी आयुष्य काढले. त्यांनी कॅथॉलिक विद्यापीठांच्या अनेक मानद पदव्या नाकारल्या होत्या, कारण त्या विद्यापीठांचे लष्करी प्रशिक्षणाशी आणि सरकारी कंत्राटांशी असलेले नाते त्यांच्या शांतिवादी विवेकाला पटत नव्हते. लेतारे पदक मात्र त्यांनी स्वीकारले. या डोरोथी डे स्वतः अविवाहित माता होत्या. १९२६ साली त्यांना मुलगी झाली; मुलीचा पिता विवाहाला आणि धर्माला दोन्हींना विन्मुख होता. त्या मुलीला स्नानसंस्कार द्यावा या ओढीने डोरोथी चर्चच्या दारी आल्या आणि १९२७ च्या डिसेंबरात स्वतः कॅथॉलिक झाल्या. २००० सालापासून त्या 'देवाची सेविका' म्हणून ओळखल्या जातात. संतपदाची प्रक्रिया सुरू झाली आहे. १९२७ साली त्यांना दारातूनच परत लावले असते तर? हा प्रश्न आम्ही उगाच उपस्थित करीत नाही. १९१७ च्या धर्मकायद्यानुसार अनौरस पुत्राला विशेष सवलत मिळाल्याखेरीज गुरुदीक्षा घेता येत नसे. १९८३ च्या धर्मकायद्याने तो अडथळा काढून टाकला. म्हणजे आईवडिलांच्या चुकीचा दंड मुलाला देऊ नये, हे समजण्यास आपल्यालाही वेळ लागला आहे, आणि कॅसाब्लांकाच्या धर्मोपदेशकांवर हसताना हे ध्यानात असावे.

पैशाने काय होते आणि काय होत नाही, याविषयीही थोडे बोलले पाहिजे. २००८ साली सिअ‍ॅटल विद्यापीठात हे पारितोषिक बुरुंडीच्या मार्गेरित बारांकित्से यांना मिळाले. १९९३ च्या ऑक्टोबरात रुयिगी गावी बिशपांच्या निवासात आश्रय घेतलेल्या ७२ जणांची कत्तल त्यांना डोळ्यांसमोर पाहावी लागली. त्यातून वाचलेल्या मुलांना घेऊन त्यांनी 'मेझों शालोम' उभे केले, आणि हुतू-तुत्सी असा भेद न मानता हजारो मुले वाढविली. एवढा मोठा पुरस्कार, एवढे जगभरचे नाव. तरी २०१५ साली राजवटीच्या रोषामुळे त्यांना देश सोडावा लागला आणि त्यांच्या संस्थेचे दरवाजे सरकारने बंद केले. त्या रुआंडात गेल्या आणि तेथील बुरुंडी निर्वासितांत पुन्हा कामाला लागल्या. २००६ सालच्या मानकरी, ब्राझीलच्या बालरोगतज्ज्ञ झिल्दा आर्न्स, १२ जानेवारी २०१० रोजी हैतीच्या भूकंपात गेल्या. वयाच्या पंचाहत्तरीत त्या तेथे बालकांच्या आरोग्याविषयी बोलावयास गेल्या होत्या. पुरस्काराने त्यांचे रक्षण केले नाही, आणि पुरस्कारानंतर त्या घरी बसल्या नाहीत. पुरस्काराला आपण फार मोठे समजतो. तो घेणाऱ्यांच्या आयुष्यात ती एक संध्याकाळ असते. दहा लाख डॉलरनी कॅसाब्लांकाच्या पाळणाघराची भाकरी पुष्कळ काळ निघते, हेही खरे. मदर तेरेसांनी १९७९ साली नोबेल पारितोषिक घेतले, पण रूढीप्रमाणे होणारी मेजवानी रद्द करून तो खर्च गरिबांना द्यावयास लावला. मान नको म्हणण्याचा अहंकारही नको आणि मानाचे जेवणही नको, असा हा मधला मार्ग आम्हांस फार भावतो.

आमच्या धर्मग्रामांतही सणाच्या निमित्ताने सत्कार होतात. शाल येते, श्रीफळ येते, तिसऱ्या वक्त्याच्या भाषणापर्यंत मुले पेंगू लागतात. सत्कार कोणाचे होतात? चर्चच्या छपराला देणगी देणाऱ्यांचे, परीक्षेत पहिल्या आलेल्यांचे, सुवर्णमहोत्सवी जोडप्यांचे. ही नावे अयोग्य आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या आजीने लेकीचे मूल, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता, घरात ठेवून वाढविले, तिचे नाव त्या यादीत आम्हांस कधी आढळले नाही. तिला ते नकोही असेल. तिच्या घरी जाऊन चहा घेण्यास मात्र कोणाचीच हरकत नसावी. स्नानसंस्काराच्या नोंदवहीविषयी धर्मकायद्याचे ८७७ वे कलम स्पष्ट आहे: आईचा विवाह झालेला नसेल, तर तिने मागणी केल्यास किंवा मातृत्व सर्वज्ञात असल्यास तिचे नाव लिहावे, पित्याचे नाव पुरावा असेल किंवा त्याने स्वतः कबुली दिली असेल तर लिहावे. २०१२ साली ब्वेनोस आयरेसचे आर्चबिशप असलेल्या कार्डिनल बर्गोलिओ यांनी, म्हणजे पुढे पोप फ्रान्सिस झालेल्यांनी, अशा मातांच्या बाळांना स्नानसंस्कार नाकारणाऱ्या धर्मगुरूंची जाहीरपणे कानउघाडणी केली होती. त्यांचे म्हणणे असे, की जी मुलगी मूल टाकून न देता जन्माला घालते, तिला दारोदार फिरविणे हा ढोंगीपणा आहे.

आयशा एश-शन्ना २५ सप्टेंबर २०२२ रोजी कॅसाब्लांका येथे निवर्तल्या. मोरोक्कोत त्यांना शिव्याही मिळाल्या होत्या आणि पदकेही. मृत्यूनंतर श्रद्धांजली वाहणारे पुष्कळ निघाले. आमच्या धर्मग्रामांच्या सल्लागार समित्यांनी पुढच्या सणाच्या सत्काराची यादी करण्यापूर्वी एक प्रयोग करून पाहावा. महिनाभर आधी चार-दोन तरुणांना वाड्यावाड्यांतून पाठवावे, कोणालाही अर्ज करावयास सांगू नये, आणि ते काय पाहून येतात ते बैठकीत ऐकावे. ते घेऊन येतील त्यांतले एखादे नाव वाचले जाताना कुजबुज होईल. ती झाली म्हणून ते नाव खोडण्याची घाई करू नये.